जुने बारा इंची रंधा मशीन घ्यावे का, आणि घेतल्यास दुरुस्ती कोठून सुरू करावी?

मागची_पडवी

सप्रेम नमस्कार.

मी सावंतवाडीजवळच्या एका गावात राहतो. निवृत्तीनंतर घराच्या मागच्या पडवीत, साधारण दहा बाय सोळा फुटांच्या जागेत, मी सुतारकामाची छोटी कार्यशाळा उभी केली आहे. पाट, चौरंग, खुर्च्या, एखादे कपाट अशी घरापुरती आणि नातेवाइकांपुरती कामे मी करतो. आजवर सगळे रंधणे हातानेच केले. मात्र फणसाच्या आणि सागाच्या सहा फुटी फळ्यांचा पीळ हातरंध्याने काढणे आता खांद्याला झेपत नाही, म्हणून रंधा मशीन घेण्याचा विचार पक्का झाला आहे.

येथून वीस किलोमीटरवर शाळेचे बाक बनवणारा एक कारखाना होता, तो मालकांनी वर्षापूर्वी बंद केला. त्यांच्याकडे बारा इंच रुंदीचे सरफेस प्लेनर, म्हणजे फळी हाताने वरून सरकवायचे रंधा मशीन आहे. दोन्ही टेबले मिळून लांबी साडेपाच फूट भरते, बूड आणि टेबले बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, आहेत आणि एकूण वजन साडेतीनशे किलोच्या आसपास असावे, असे मालक म्हणतात. बनवणाऱ्याची पाटी गळून गेली आहे. मशीन सुमारे तीस वर्षांपूर्वी पंजाबातल्या बटाल्याहून आणले होते, एवढीच माहिती मिळाली. मोटर थ्री फेज, २ एचपी, १४४० फेऱ्यांची आहे. मागणी ३५ हजार रुपयांची आहे.

मी एकदा जाऊन पाहून आलो. टेबलांवर तपकिरी गंजाचा पातळ थर आहे आणि पुढच्या टेबलाच्या ओठाला, म्हणजे कटरजवळच्या कडेला, नखाएवढा टवका उडालेला आहे. ज्या गोल फिरणाऱ्या भागावर पाती बसवतात, तो भाग मात्र येथे गोल नसून चौकोनी आहे. त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर जाड पाती बाहेरून बोल्टने आवळलेली आहेत. पट्टा काढून तो हाताने फिरवला तेव्हा आत वाळू असल्यासारखी घरघर ऐकू आली. कटरवर झाकण नाही. कारखान्याची वीज तोडलेली असल्यामुळे मशीन चालवून पाहता आले नाही. माझ्या घरी वीजजोडणी सिंगल फेज आहे.

हे मशीन घेण्याजोगे आहे का? चालवून न पाहता त्याची पारख कशी करावी? आणि घेतलेच, तर काम कोणत्या क्रमाने करावे? मी आधी गंज काढून रंग द्यावा अशा विचारात आहे, परंतु जाणकारांचे मत घेतल्याशिवाय हात घालू नये असे वाटते.

बीड_आणि_साचे

नमस्कार. कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये मी ३८ वर्षे लाकडी साचे केले. त्यातील निम्मा काळ रंधा मशीनपाशीच गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

गंज, रंग, घरघर या तुम्हाला खटकलेल्या गोष्टी सगळ्यांत कमी महत्त्वाच्या आहेत. तुम्ही सहज नोंदवलेली चौकोनी ब्लॉकची, म्हणजे पाती बसवायच्या त्या फिरत्या भागाची, गोष्ट मात्र सगळ्यांत मोठी आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

चौकोनी कटर ब्लॉक फिरताना त्याचा कोपरा टेबलाच्या ओठाजवळून जातो आणि त्यामागोमाग येणारी सपाट बाजू ओठापासून बरीच लांब असते. त्यामुळे तेथे प्रत्येक फेरीत मोठी पोकळी उघडते. फळीत गाठ आली, फळी मागे फेकली गेली आणि हात खाली घसरला, तर बोटे त्या पोकळीत खोल ओढली जातात. गोल ब्लॉकमध्ये पाती दंडगोलाच्या पृष्ठभागाबाहेर जेमतेम एक मिलिमीटर डोकावतात. तेथेही इजा होते, परंतु आत ओढून घ्यायला जागाच नसल्यामुळे बहुतेक वेळा ती बोटाच्या टोकाशी थांबते. माझ्या उमेदवारीच्या काळात शेजारच्या एका कार्यशाळेत चौकोनी ब्लॉकवर एका कारागिराची तीन बोटे मुळापासून गेली. त्याला दवाखान्यात नेणाऱ्यांत मी होतो, आणि नंतर मशीनखालचा कीस उपसायचे कामही माझ्याकडेच आले. म्हणून या बाबतीत मी सौम्य भाषेत लिहू शकत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ खाली राज्यांनी केलेल्या नियमांतही, हाताने माल पुढे सरकवायच्या रंधा यंत्राला गोल ब्लॉकच असला पाहिजे आणि त्यावर पुलासारखे झाकण असले पाहिजे, अशी तरतूद होती. तुमची पडवी कारखाना नसली, तरी बोटे तीच आहेत. चौकोनी ब्लॉक बसवलेले हे मशीन एकदाही, अगदी चाचणीपुरतेही, लाकडावर चालवू नका.

याचा अर्थ मशीन घेऊ नका असा नाही. ब्लॉक बदलता येतो. पाती पाचरीने आणि बोल्टने आतून आवळणारे तयार गोल ब्लॉक मशीन बनवणाऱ्यांकडे मिळतात. गावातल्या लेथवर सळई कातून आणि खाचा पाडून नवा ब्लॉक करून घेण्याचा मोह टाळा. पाचरीची खाच जरा चुकली तर चार हजारांवर फेऱ्यांत पाते सुटून बाहेर येते. तयार ब्लॉक आणावा आणि लेथवाल्याकडून फक्त बेअरिंगची बैठक व पुलीची बाजू जुन्या मापाला जुळवून घ्यावी. मागवण्यापूर्वी तीन मापे व्हर्नियरने नीट घ्या: दोन बेअरिंगांमधले अंतर, बैठकीचा व्यास, आणि पात्याची धार फिरताना जे वर्तुळ काढते त्याचा व्यास. तिसरे माप लोक विसरतात. नवा ब्लॉक जुन्यापेक्षा बारीक आला, तर ओठ आणि धार यांच्यामधली फट वाढते आणि आपण जो धोका काढायला निघालो तोच थोडा परत येतो. ही फट तीन ते पाच मिलिमीटरच्या आत राहिली पाहिजे.

आता पारख. जुन्या मशीनमध्ये आपण खरे तर फक्त बीड विकत घेत असतो. बेअरिंग, पट्टा, मोटर, पाती, स्क्रू हे सगळे बाजारात मिळते. तडा गेलेले किंवा पिळवटलेले बीड मात्र घरी सुधारत नाही. त्यामुळे जाताना सोबत चांगली सरळपट्टी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच), छोटी हातोडी, थोडे रॉकेल आणि खडूची पूड घेऊन जा. बुडाला आणि टेबलांच्या फासळ्यांना हातोडीने हलके ठोकत जा. अखंड बीड घंटेसारखे वाजते, तडा असेल तेथे आवाज बसका येतो. संशय आला त्या जागी रॉकेल लावावे, दोन मिनिटांनी कोरडे पुसावे आणि वर खडूची पूड भुरभुरावी. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल पुडीतून वर येते आणि केसासारखी ओली रेघ उमटते. फाउंड्रीत आम्ही ओतकामाची पहिली तपासणी अशीच करत असू. जाड रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली दिसली, तर तेथे ही चाचणी हटकून करा.

नंतर टेबले पाहा. सरळपट्टी प्रत्येक टेबलावर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर उभी धरून खाली फीलर गेज सरकवून पाहावे. साडेपाच फुटी मशीनला एखाद्या ठिकाणी ०.१ मिलिमीटरची पट्टी गेली तर चिंता करू नये, ०.३ जात असेल तर भावात घासाघीस करावी. एका कर्णावर गेज जाते आणि दुसऱ्यावर सरळपट्टी डुगडुगते, असे झाले तर टेबलाला पीळ आहे, मग शांतपणे परत यावे. दोन टेबले एकमेकांशी एका पातळीत आहेत का, हा वेगळा प्रश्न आहे. बाहेरची टोके वर उचललेली असतील तर फळीच्या काठाला मध्ये पोट येते, टोके झुकलेली असतील तर काठ मध्ये खोलगट होतो. हा दोष बहुधा बिडाचा नसून टेबल ज्या तिरप्या कडांच्या कबुतरी खाचेत सरकते, तिच्यातला सैलपणा घालवणाऱ्या गिबपट्ट्या झिजल्याचा असतो आणि पातळ पत्र्याची शिम घालून तो निघतो. टेबलाचे टोक धरून वर-खाली जोर लावून पाहा, खाच सैल असेल तर हाताला कळते.

ओठावरचा नखाएवढा टवका कानशीने बोथट करून सोडून द्यावा. तेथे वेल्डिंग करू नये. बीड एका जागी तापले की शेजारी तडकते.

बेअरिंगची घरघर हा खर्च नव्हे. या आकाराच्या मशीनला बहुधा ६२०५ किंवा ६२०६ असते. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की आतला व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो, म्हणजे २५ किंवा ३०. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावीत, कारण बनावट बेअरिंगांचा सुळसुळाट आहे. ब्लॉकच्या दांड्यावर बसवताना जोर फक्त आतल्या कड्यावर यावा. बाहेरच्या कड्यावर ठोकले तर नवे बेअरिंगही पहिल्याच दिवशी घरघरते.

आणि रंग सर्वांत शेवटी. आधी बीड, मग ब्लॉक, मग बेअरिंग, मग वीज. रंग दिलेल्या मशीनचा नंतर एखादा भाग खोलावा लागला की दुप्पट काम होते.

तारा_आणि_पट्टा

वरील प्रतिसादात यंत्राचा भाग इतका नीट आला आहे की मी फक्त विजेपुरते लिहितो. मोटर भरण्याचा माझा व्यवसाय आहे.

सिंगल फेज घरात थ्री फेज मोटर चालवायची असेल, तर व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज तयार करून मोटरचा वेग सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) बसवणे हा आज सगळ्यांत स्वच्छ मार्ग आहे. तो २३० व्होल्टची सिंगल फेज घेऊन २३० व्होल्टचीच थ्री फेज देतो, हे लक्षात ठेवावे. त्यातून ४१५ व्होल्ट निघत नाहीत. येथेच तुमची २ एचपी मोटर उपयोगी पडते. स्टार आणि डेल्टा हे मोटरच्या तीन कॉइल आपसात जोडण्याचे दोन प्रकार आहेत. आपल्याकडे २ एचपीपर्यंतच्या मोटरी सहसा ४१५ व्होल्टला स्टार जोडणीत येतात आणि ३ एचपीपासून पुढच्या डेल्टा जोडणीत. स्टार जोडणीत प्रत्येक कॉइलवर २४० व्होल्टच पडतात, म्हणून तीच मोटर डेल्टात बदलून घेतली की व्हीएफडीच्या २३० व्होल्टवर पूर्ण ताकदीने चालते. मोटरच्या डब्याचे झाकण उघडा. आत सहा टोके आणि त्यांना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या दिसल्या तर काम दहा मिनिटांचे आहे. तीनच टोके बाहेर आली असतील, तर स्टारचा जोड आत वाइंडिंगमध्ये गाडलेला आहे. तो उकरून टोके बाहेर काढावी लागतील. हे मोटर भरणाऱ्याकडूनच करून घ्यावे. आधी पाटी वाचा, अंदाजाने काही जोडू नका.

व्हीएफडी २.२ किलोवॉटचा घ्यावा, म्हणजे सुरू होतानाचा भार त्याला जड जात नाही. त्याच्यासाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन आणि चांगले अर्थिंग हवे. पंख्याच्या किंवा फ्रिजच्या लाइनवर तो घेऊ नये. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये कोणताही स्विच बसवू नका, कारण भार चालू असताना तो तोडला तर व्हीएफडी निकामी होऊ शकतो. चालू-बंदची बटणे व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला जोडावीत आणि तातडीने बंद करायचे लाल मशरूम बटण गुडघ्याने दाबता येईल अशा उंचीवर बसवावे; दोन्ही हात फळीवर असताना तेच कामी येते. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार काही मिनिटे शिल्लक राहतो, म्हणून झाकण लगेच उघडू नये. लाकडाचा भुसा आत गेला तर पंखा आणि आतले इलेक्ट्रॉनिक भाग दोन्ही गुदमरतात. म्हणून व्हीएफडी भिंतीवर, मशीनपासून दूर, जाळी लावलेल्या पेटीत ठेवावा.

एक सेटिंग आवर्जून तपासा. कोकणात लाइट जाते आणि येते. वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होणार नाही, अशीच सेटिंग असली पाहिजे. ज्यांना व्हीएफडी नको असेल त्यांनी साधा स्टार्टर घेतला, तरी त्यात नो-व्होल्ट कॉइल (वीज गेली की स्टार्टर बंद पाडणारी) असल्याची खात्री करावी. कारण तेच: पात्यावरचा कीस काढायला हात घातलेला असताना लाइट येऊ शकते.

कपॅसिटर लावून थ्री फेज मोटर सिंगलवर चालवण्याचा जुना प्रकार अनेक जण सुचवतील. त्यात मोटर फिरते, परंतु ताकद बरीच घटते आणि भारावर ती तापते. रंध्यासारख्या कामाला मी तो सुचवणार नाही.

मोटरवरची पुली किती इंची आहे आणि ब्लॉकवरची किती, ते मोजून कळवाल का? त्यावरून वेग सांगता येईल.

मागची_पडवी

दोघांचेही मनापासून आभार. काकांचा प्रतिसाद वाचून मी काल पुन्हा जाऊन आलो. रॉकेल मिळाले नाही, डिझेल वापरले. खडूची रेघ कोठेही उमटली नाही. टेबलांवर जास्तीत जास्त ०.१५ ची पट्टी गेली, कर्णांवर डुगडुग नाही. मात्र मागच्या टेबलाचे टोक हाताने दाबल्यावर किंचित हलते. मोटरच्या डब्यात सहा टोके आहेत आणि पाटीवर स्टारची खूण स्पष्ट वाचता येते. मोटरवरची पुली ९ इंची आणि ब्लॉकवरची ३ इंची आहे. ब्लॉक बदलावा लागेल हे मालकांना सांगितले तेव्हा ते २४ हजारांवर आले. व्यवहार ठरवला आहे.

तारा_आणि_पट्टा

१४४० गुणिले ९ भागिले ३, म्हणजे मिनिटाला ४३२० फेऱ्या. ब्लॉकवर दोन पाती असतील तर मिनिटाला ८६४० काप पडतात. तुम्ही फळी मिनिटाला पाच मीटर वेगाने सरकवलीत, तर दर दोन कापांत सुमारे ०.५८ मिलिमीटरचे अंतर राहील, जे पॉलिश पेपरच्या एक-दोन हातांत निघून जाते. पुल्या बदलू नका, व्हीएफडी ५० हर्ट्झवरच कुलूपबंद करा. नव्या ब्लॉकवर किती फेऱ्यांची मर्यादा कोरली आहे, तेवढे मात्र पाहून घ्या. पहिल्यांदा सुरू करताना पट्टा काढून मोटरची दिशा तपासा. उलटी फिरली तर मोटरकडे जाणाऱ्या तिनांपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी.

उलटी_शीर

मी नागपूरला असते. चार वर्षांपूर्वी नऊ इंची मशीन याच पद्धतीने उभे केले. गंजाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून माझी चूक सांगते, ती तुमच्या हातून होऊ नये.

मी ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या तुकड्यांची चकती) लावून टेबलावरचा गंज काढला. पंधरा मिनिटांत टेबल चांदीसारखे चमकू लागले आणि मला फार आनंद झाला. नंतर सरळपट्टी ठेवली तेव्हा जेथे डिस्क जास्त वेळ टेकली होती तेथे उथळ बशा पडलेल्या दिसल्या. वर्कशॉपमधून टेबल पुन्हा प्लेन करून घ्यावे लागले आणि त्याचा खर्च मशीनच्या किमतीच्या पाव हिस्सा झाला. टेबलाच्या वरच्या पृष्ठभागाला फिरणारे कोणतेही हत्यार लावू नका. सपाट लाकडी ठोकळ्याला २२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळावा, पातळ तेल टाकावे आणि लांबीच्या दिशेने हाताने घासावे. गंजाचे डाग काळे राहिले तरी चालतात. बोट फिरवून उंचवटा लागत नाही ना, एवढेच पाहावे.

सुटे भाग, म्हणजे हँडल, बोल्ट, कुंपणाचे (फळी टेकवायच्या उभ्या पट्टीचे) ब्रॅकेट, सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावेत. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम पुरते. सकाळी ब्रशने घासून, सोड्याच्या पाण्यात बुचकळून, लगेच कोरडे करून तेल लावावे. तासभर उघडे ठेवले तरी पिवळा थर चढतो. बेअरिंगला किंवा कातलेल्या बैठकींना मात्र हे पाणी लागू देऊ नये.

जुना रंग कोरडा घासू नका. देशात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. तीस वर्षांपूर्वीच्या रंगात शिसे असणार असे धरूनच चालावे. रंग ओला करून खरवडावा, तोंडाला मास्क लावावा आणि खपल्या कागदात गोळा कराव्यात. घरात नातवंडे असतील तर हे काम पडवीत नकोच.

एका मुद्द्यावर माझे वरच्यांपेक्षा थोडे वेगळे मत आहे. रंग शेवटी द्यावा हे खरे, परंतु बुडाच्या आतल्या बाजूला गंजरोधक रेड ऑक्साइडचा हात मात्र जोडणीपूर्वीच द्यावा. नंतर तेथे ब्रश पोचत नाही आणि कोकणच्या दमट हवेत गंज तेथूनच सुरू होतो.

बीड_आणि_साचे

आतल्या बाजूबद्दल ताईंचे म्हणणे मला पूर्ण पटते. माझ्या लिहिण्यात ते राहून गेले होते.

मागची_पडवी

अडीच महिन्यांनी लिहितो आहे.

मशीन टेम्पोने आणले. टेबलांना दोर न लावता बुडाखालून पट्टे घालून साखळी कप्पीने उचलले आणि पडवीत लोखंडी पाइपांवरून ढकलत नेले. जमिनीवर टेकवल्यावर एक पाय अधांतरी होता. पाय बोल्टने तसाच आवळला असता तर अखंड बुडालाच पीळ बसला असता, म्हणून त्याखाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवून चारही पायांवर सारखा भार घेतला.

गोल ब्लॉक, दोन ६२०५ बेअरिंगे आणि पात्यांची एक जोडी मिळून साडेचौदा हजार लागले, व्हीएफडी व तारा वेगळ्या. ब्लॉक बसवल्यावर ओठापासूनची फट चार मिलिमीटर भरली. मागचे टेबल हलत होते, कारण गिबपट्टीची एक बाजू झिजून तिरपी झाली होती. तिच्यामागे पितळी शिम घातली आणि स्क्रू थोडे थोडे, क्रमाने आवळले. आता टेबल सरकवताना हाताला सारखा, किंचित जड प्रतिकार लागतो.

सर्वांत जास्त वेळ पाती बसवण्यात गेला. बसवण्यापूर्वी दोन्ही पाती सोनाराच्या काट्यावर तोलली, एकात दोन ग्रॅमचा फरक निघाला. तो जड पात्याच्या मागच्या कडेला दगडावर घासून काढला. नंतर मागच्या टेबलावर सरळ लाकडी पट्टी ठेवून तिच्यावर पेन्सिलीने खूण केली आणि ब्लॉक हाताने सावकाश फिरवला. पाते पट्टीला टेकले, तिला अलगद उचलून पुढे नेले आणि सोडले. डाव्या टोकाला पट्टी तीन मिलिमीटर सरकली, उजव्या टोकाला सात. म्हणजे उजवी बाजू वर होती. पाचरीचे बोल्ट सैल करायचे, लाकडी ठोकळ्याने हलकेच दाबायचे, पुन्हा आवळायचे, पुन्हा पट्टी ठेवायची, असे करत दोन्ही पाती दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरवर यायला मला पूर्ण दुपार लागली.

पहिली फळी फणसाची होती, चार फुटी, गेल्या वर्षापासून वाळवत ठेवलेली. शेवटच्या दोन इंचांत खड्डा पडला. मागचे टेबल धारेपेक्षा केसभर खाली राहिले होते. ते वर घेतल्यावर खड्डा गेला. मग दोन फळ्यांचे काठ रंधून एकमेकांवर उभे ठेवले आणि पलीकडे दिवा धरला. मध्यावर अगदी पुसट उजेड दिसतो, फीलर गेजची सर्वांत पातळ पट्टी जात नाही. सरस लावून जोडले तर शीर दिसू नये, इतपत काम झाले आहे.

कटरवर पुलासारखे झाकण बसवले आहे. ते फळीच्या जाडीप्रमाणे वर-खाली होते आणि रुंदीप्रमाणे सरकते. एक फुटापेक्षा आखूड तुकडा मशीनवर घ्यायचा नाही आणि पातळ फळी हाताऐवजी ठोकळ्यानेच ढकलायची, असे दोन नियम भिंतीवर लिहून ठेवले आहेत. मालकांकडचा चौकोनी ब्लॉक भंगारात देण्यापूर्वी त्याच्या बैठकी करवतीने कापल्या, म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या मशीनवर जाणार नाही.

आता पावसाळा तोंडावर आहे. टेबलांना पॅराफिन मेण चोळतो आहे, परंतु येथे जून ते सप्टेंबर भिंतींनाही ओल येते. झाकायला प्लास्टिक वापरावे का?

उलटी_शीर

प्लास्टिक नको, आत दव धरते आणि झाकलेल्या टेबलालाच आधी गंज चढतो. जुनी सुती चादर मशीन ऑइलमध्ये भिजवून, पिळून, टेबलांवर पसरा आणि वर प्लायवुडचा तुकडा ठेवा. काम करायच्या दिवशी टेबल कोरड्या फडक्याने पुसून मेणाचा एक हात द्या. तेल लाकडाला लागले तर पॉलिश धरत नाही. तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, विशेषतः जवसाचे तेल लागलेले; ते आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर सुटे वाळत घालावे.

बीड_आणि_साचे

ब्लॉकच्या बैठकी कापल्यात, हे फार चांगले केलेत. पाचरीचे बोल्ट पहिल्या तासाभराच्या कामानंतर एकदा आणि नंतर पंधरा दिवस रोज सकाळी, मेन स्विच बंद करून, पान्याने तपासा. नवी पाचर आपली जागा घेते तेव्हा बोल्ट थोडा सैल पडतो. आणि सागावर काम सुरू केले की पात्यांची धार लवकर जाईल, कारण सागात सिलिका असते. एक जोडी धार लावून तयार ठेवा. बोथट पात्याने फळी उचकते, आणि उचकलेली फळी दाबून धरायला हात पुढे जातो.